डबीवर वेळ लिहा, कालदर्शिकेवर तारीख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूल राहत नाही म्हणून जोडपे तपासणीला येते तेव्हा बायकोची फाइल दोन बोटे जाड असते आणि नवऱ्याची फाइलच नसते. तिच्या फाइलमध्ये तीन-चार महिन्यांच्या सोनोग्राफीचे कागद, हार्मोनचे रिपोर्ट, गर्भनळ्यांचा एक्स-रे आणि मध्येच कोणीतरी सांगितले म्हणून केलेले टॉर्च पॅनेल (रुबेलासारख्या संसर्गांच्या रक्ततपासण्या) असते. नवऱ्याचे विचारले की सोबत आलेल्या सासूबाई परस्पर उत्तर देतात, ‘त्याला काही नाही हो, चांगला ठणठणीत आहे.’ ठणठणीत असण्याचा आणि शुक्रजंतू असण्याचा संबंध नाही. संबंध व्यवस्थित येतात, वीर्य दिसायला नेहमीसारखे आहे, आणि तरी सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्रजंतू नाही, असे होऊ शकते. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींतून आलेला द्रव असतो. शुक्रजंतू त्यात आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही.

मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, पूर्ण किंवा थोडेफार, असतेच. तरीही सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत तपासणीची सुरुवात बाईपासून होते आणि अनेकदा तिच्यापाशीच संपते. हे झाले अर्धे दुखणे. उरलेले अर्धे असे की ज्या तपासण्या होतात त्यांतल्या कितीतरी चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या नमुन्यावर होतात. यंत्र क्वचित चुकते. घोळ होतो तो पाळीच्या तारखेत आणि नमुन्याच्या डबीत, म्हणजे लॅबची पायरी चढण्याआधीच. या पत्राचा विषय तोच आहे.

तपासणी कधी सुरू करायची, हे थोडक्यात. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना प्रयत्नांच्या पहिल्या वर्षात दिवस राहतात. म्हणून बाईचे वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ नंतर सहा महिने थांबावे, आणि चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नये. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी क्षयरोग किंवा फुटलेल्या अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले असेल, किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोश खाली न उतरल्याने शस्त्रक्रिया करावी लागली असेल, वयात आल्यावर गालफुगीत अंडकोश सुजला असेल, तर वर्षाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पण वर्ष मोजण्यात एक गोम आहे. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत; बायको माढ्याला सासरी. अशा जोडप्याच्या लग्नाचे वर्ष म्हणजे प्रयत्नांचे वर्ष नव्हे. अंडे फुटण्याआधीचे पाच दिवस आणि फुटण्याचा दिवस, महिन्यातून एवढ्या सहा दिवसांतच दिवस राहू शकतात. ते सहा दिवस सोमवार ते शनिवार असे पडले की तो महिना जवळपास गेलाच. अशांना आधी आठवडाभराची रजा लागते, औषध नंतर. ही गोष्ट डॉक्टरांना न सांगता गोळ्या सुरू झालेल्या दिसतात.

आता नवऱ्याची तपासणी. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, सुई टोचत नाही, दुखत नाही, पाळीच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. बायकोच्या नळ्यांचा एक्स-रे काही हजारांचा, दुखणारा, आणि महिन्यातल्या ठरावीक चार-पाच दिवसांतच होणारा. आधी कोणती करायची हे सांगायला डॉक्टर लागत नाही. शिवाय पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू नगण्य निघाले तर पुढचा मार्गच बदलतो आणि तिच्या कितीतरी तपासण्यांची गरज उरत नाही. चार महिने दर एक दिवसाआड सोनोग्राफी करून अंडे फुटल्याची खात्री करून घ्यायची आणि पाचव्या महिन्यात काउंट शून्य असल्याचे कळायचे, याला तपासणी कशी म्हणावी?

नमुना देण्याआधी किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे. ‘जास्त दिवस थांबलो तर काउंट चांगला येईल’ हा समज फार खोल आहे. श्रावण किंवा एखादे व्रत पाळून महिन्याने नमुना दिला तर संख्या वाढलेली दिसते, पण त्यात जुने, मरगळलेले शुक्रजंतू जास्त असतात आणि हालचालीची टक्केवारी पडते. आदल्या रात्री संबंध येऊन सकाळी नमुना दिला तर वीर्याचे प्रमाण आणि शुक्रजंतूंची संख्या दोन्ही कमी. दुसऱ्यांदा तपासणी करताना पहिल्या वेळेइतकेच दिवस ठेवावेत, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना निरर्थक ठरते.

डबी लॅबमधूनच आधी न्यावी, रुंद तोंडाची, निर्जंतुक. खोकल्याच्या औषधाची बाटली कितीही उकळून धुतली तरी चालत नाही. नमुना हस्तमैथुनानेच द्यायचा. थुंकी, साबण, खोबरेल तेल, व्हॅसलिन यांतले काहीही वापरायचे नाही. ही सगळी शुक्रजंतूंना बाधतात. दुकानातल्या निरोधमध्ये घेतलेला नमुना बाद, कारण त्यावरच्या वंगणाने आणि रबराने शुक्रजंतूंची हालचाल थांबते. त्यासाठी वेगळे बिनविषारी कंडोम मिळतात, ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे लागतात. संबंध अर्धवट थांबवून डबीत घेतलेल्या नमुन्यात बहुतेक वेळा पहिले थेंब सांडलेले असतात, आणि नेमक्या त्या पहिल्या थेंबांतच सर्वाधिक शुक्रजंतू असतात. शेवटचे सांडले तर फारसे बिघडत नाही. पहिले सांडले तर रिपोर्ट खोटा येतो. सांडले असेल तर लाजू नका, काउंटरवर सांगा. तंत्रज्ञ तशी नोंद करून दोन-चार दिवसांनी पुन्हा बोलावील. न सांगता दिलेला अर्धा नमुना पुढे सहा महिने औषधे खायला लावतो.

वेळेचे गणित त्याहून कडक. हालचाल शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पाहायची असते. म्हणून नमुना लॅबमध्येच द्यावा हे उत्तम. घर जुळे सोलापुरात आणि लॅब सात रस्त्याला असेल तर घरून आणणेही जमते. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याहून घरून आणलेला नमुना तासात पोहोचत नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी दिलेली डबी दुपारच्या गाडीने शहरात येत असेल, तर त्या रिपोर्टवरचा ‘हालचाल २० टक्के’ हा आकडा नवऱ्याचा नव्हे, एसटीचा आहे. रक्ताच्या नमुन्याला जी व्यवस्था चालते ती याला चालत नाही. हे सेंटरवाल्यांनाही सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट.

आणि आपला उन्हाळा. नमुना २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहायला हवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा बेचाळिशीला टेकलेला असतो, उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे ठेवलेली डबी म्हणजे शुक्रजंतूंची भट्टी. काही जण उलट टोकाला जाऊन लस नेतात तशी बर्फात ठेवून आणतात; तेही चूक, थंडीने हालचाल मंदावते. शर्टाच्या आतल्या खिशात, अंगालगत, उभी धरून आणावी. डबीवर (झाकणावर नव्हे, झाकणे बदलतात) नाव, वय, किती दिवसांनी नमुना दिला आणि नमुना नेमका किती वाजता दिला हे लिहावे. डबीवर वेळ लिहिलेली नसताना आकडे छापणाऱ्या रिपोर्टवर किती विसंबायचे ते आपले आपण ठरवावे.

लॅबमध्ये काय होते हेही ग्राहकाला ठाऊक हवे. वीर्य आधी घट्ट असते, साधारण १५ ते ३० मिनिटांत आपोआप पातळ होते. त्याआधीच काचेवर घेतले तर गाठीतले शुक्रजंतू मोजले जात नाहीत. वीर्याचे एकूण प्रमाण डबी वजन करून काढणे सर्वांत अचूक. सिरिंजने ओढले तर थोडे सिरिंजलाच चिकटून राहते. मग ठरावीक पटीत, बऱ्याचदा एका भागाला १९ भाग द्रावण असे पातळ करून, न्यूबॉवर चेंबरच्या (मोजणीसाठी चौकटी कोरलेल्या काचेच्या) चौकटींत मोजायचे, तेही दोन वेळा, प्रत्येकी किमान २०० शुक्रजंतू, आणि दोन्ही आकडे जवळपास जुळले तरच सरासरी घ्यायची. याला वेळ लागतो. एक थेंब काचेवर ठेवून नजरेने ‘साठ मिलियन’ लिहायला अर्धे मिनिट पुरते. रिपोर्टवर नेहमी ५०, ६०, ७० असे गोल आकडेच येत असतील तर मोजले की अंदाजले, हे विचारायचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे.

रिपोर्ट वाचताना ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख हे आधी लक्षात घ्यावे. ‘फक्त १६ आले’ म्हणून घाबरणारे भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीनुसार खालच्या मर्यादा अशा: वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, संपूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारी हालचाल ३० टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. काही रिपोर्टांच्या उजव्या बाजूला अजून १९९९ च्या आवृत्तीतले २ कोटी आणि ५० टक्के हे आकडे छापलेले असतात, त्यामुळे आजच्या मोजमापात बसणाऱ्या माणसावरही ‘कमी’ असा शिक्का बसतो.

या मर्यादांचा अर्थ मात्र नीट समजायला हवा. वर्षभराच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने मोजून, त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांच्या रेषेवर हे आकडे ठरवलेले आहेत. म्हणजे बाप झालेल्यांतही शंभरात पाच जण या रेषेखाली होते. रेषेच्या वर असणे ही हमी नाही, खाली असणे ही फाशी नाही. ‘९६ टक्के शुक्रजंतू सदोष’ असे ऐकून खचलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे की चार टक्के चांगले असणे म्हणजे या मोजणीत पास. आकाराची ही मोजणी खास रंग देऊन वाळवलेल्या काचेवर करायची असते; ओल्या थेंबावर पाहून लिहिलेल्या टक्केवारीला किंमत नाही.

आणखी एक खर्चिक गैरसमज ‘पस सेल्स’चा. वीर्यात दिसणाऱ्या गोल पेशी म्हणजे पू असेलच असे नाही. शुक्रजंतूंच्या कच्च्या पेशीही साध्या नजरेला तशाच दिसतात. वेगळा रंग देऊन, म्हणजे पेरॉक्सिडेज तपासणी करून, पांढऱ्या पेशी मोजल्या आणि त्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांवर निघाल्या तरच संसर्गाचा विचार होतो. ते न करता तीन-तीन कोर्स अँटिबायोटिक खाल्लेले पुरुष कमी नाहीत.

एका वाईट रिपोर्टवर काहीच ठरवू नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७० ते ७५ दिवस आणि बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी काही दिवस लागतात. आज डबीत दिसते ती अडीच-तीन महिन्यांपूर्वीची कमाई. गणपतीत डेंग्यू किंवा टायफॉइडचा जोराचा ताप येऊन गेला असेल तर दिवाळीचा रिपोर्ट पडलेला येणारच. म्हणून बिघडलेली तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात, आणि औषधाचा गुण आला का हेही त्याआधी पाहून उपयोग नसतो. दर पंधरा दिवसांनी काउंट करायला लावणे म्हणजे नुसता खर्च. अपवाद एकच: काउंट शून्य किंवा अगदी नगण्य आला असेल तर इतके थांबू नये.

कामाचे स्वरूप सांगावे. अंडकोश शरीराबाहेर आहेत ते त्यांना दोन-चार अंश थंड राहायचे असते म्हणून. पत्र्याच्या शेडखालचे पॉवरलूम, डाइंगचा बॉयलर, बेकरीची भट्टी, ट्रकच्या इंजिनालगतची सीट, हे सारे तिथली उष्णता वाढवते. नोकरी सोडा असे कोणी म्हणत नाही. पण रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला ही माहिती लागते. तंबाखू, मावा, गुटखा यांचेही तसेच. (राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपऱ्यांना ती अजून कळलेली नाही.) आणि अलीकडे सर्वांत घातक ठरणारी गोष्ट म्हणजे जिममध्ये अंग भरण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. बाहेरून हार्मोन मिळू लागले की मेंदू अंडकोशांना काम थांबवायला सांगतो आणि काउंट शून्यावरही जातो. ‘ताकदीचे इंजेक्शन’ घेऊन मूल हवे असणाऱ्यांनी हे लिहून ठेवावे. बंद केल्यावर बहुधा काउंट परत येतो, पण काही महिने जातात, कधी वर्षाहून जास्त.

शून्य आल्यावर पहिला प्रश्न: नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून तळाचा गाळ पाहिला का? गाळात पाच-दहा शुक्रजंतू सापडले तरी ‘शून्य’ आणि ‘अत्यल्प’ यांत उपचाराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसरा: प्रमाण किती होते? जेमतेम अर्धा मिलिलिटर, आम्ल, आणि फ्रुक्टोज (वीर्यात एरवी असणारी साखर) नाही, असे असेल तर वाटेत अडथळा असावा किंवा नळीच जन्मतः नसावी. तिसरा: एफएसएच किती (अंडकोशांना आणि अंडाशयांना काम करायला लावणारे मेंदूकडचे हार्मोन)? तो वाढलेला आणि अंडकोश लहान, तर कारखान्यातच बिघाड. तो नॉर्मल आणि अंडकोश भरलेले, तर माल तयार होतोय पण दरवाजा बंद असण्याची शक्यता जास्त. मधुमेह जुना असेल आणि वीर्य अगदी कमी किंवा येतच नसेल तर वीर्यपतनानंतरची लघवी तपासावी. ते उलटे मूत्राशयात जात असू शकते. अंडकोशाच्या शिरा फुगल्या आहेत का, म्हणजे व्हेरिकोसील, हे माणसाला उभे करून हाताने तपासायचे असते. आडवे झोपवून केलेल्या तपासणीत ते निसटते, आणि नुसत्या डॉपलरवर दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ऑपरेशनची घाई करू नये.

आता बायकोच्या तपासण्या. इथे सगळा खेळ ‘पहिला दिवस’ कोणता यावर आहे. काही जणी पाळी संपल्यापासून मोजतात, काही चौथ्या दिवशी न्हाल्यावर. दोन्ही चूक. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही, आणि रात्री उशिरा सुरू झाली असेल तर दुसरा दिवस पहिला धरावा. भिंतीवरच्या कालदर्शिकेवर तीन-चार महिने खूण केली तर निम्मी तपासणी फुकटात झाली. पाळी २५ ते ३५ दिवसांच्या अंतराने, ठरल्या वेळी येत असेल तर अंडे बहुधा फुटतच असते.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, फार तर चौथ्या. दहाव्या दिवशी केलेल्या एफएसएचचा अर्थ लागत नाही. एएमएच कोणत्याही दिवशी चालते. पण त्याची भीती फार पसरली आहे. एएमएच अंड्यांचा साठा किती ते सांगते; अंड्यांचा दर्जा सांगत नाही आणि आपोआप दिवस राहतील की नाही हेही सांगत नाही. पाळी नियमित असलेल्या तिशीतल्या बाईचे एएमएच कमी आले म्हणून ‘आता मूलच होणार नाही’ असे सांगणे खोटे आहे. तो आकडा टेस्ट ट्यूबच्या उपचारात औषधाचा डोस ठरवायला कामाचा. शिवाय एका लॅबमध्ये १४ आणि दुसरीकडे २ आले म्हणून हबकण्याआधी एकक पाहा: १४ पिकोमोल आणि २ नॅनोग्रॅम हे एकच माप आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच कमी दिसते, पीसीओएसमध्ये (अंडाशयात बारीक गाठी दिसून अंडे वेळेवर न फुटण्याच्या विकारात) जास्त.

सर्वाधिक चुकणारी तपासणी म्हणजे प्रोजेस्टेरॉन, अंडे फुटल्यावर वाढणारे हार्मोन. चिठ्ठीवर ‘डे २१’ असे ठोकळेबाज लिहिलेले असते. अंडे फुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, आणि प्रोजेस्टेरॉन मोजायचे ते पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो. ३५ दिवसांच्या चक्रात अठ्ठाविसावा. तिथे एकविसाव्या दिवशी रक्त घेतले तर अंडे नुकतेच फुटत असते, आकडा कमी येतो आणि चांगल्या बाईला ‘अंडे फुटत नाही’ म्हणून गोळ्या सुरू होतात. योग्य दिवशी घेतलेला आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर असला की अंडे फुटले असे समजतात. ज्यांना प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल आधीच सुरू आहेत त्यांच्या रक्तात कॅप्सूलच मोजली जाते. आणि गौरी-गणपती, गड्डा यात्रा, वारी, घरातले लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या महिन्यातली अंडे फुटल्याची तपासणी करूच नये. त्या गोळ्या बायका औषधात धरतच नाहीत, म्हणून विचारल्यावरही सांगत नाहीत. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांचेही तेच. त्या थायरॉइड आणि इतर हार्मोनचे आकडे वर-खाली करतात, म्हणून किमान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात. प्रोलॅक्टिनसाठी (दूध आणणाऱ्या हार्मोनसाठी) जिने चढून धापा टाकत आल्याबरोबर रक्त देऊ नये. अर्धा तास शांत बसून द्यावे. किंचित वाढलेले आले तर आधी पुन्हा करावे.

अंडे फुटण्याची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या घरच्या एलएच किटची पट्टी गडद झाली की साधारण २४ ते ३६ तासांत अंडे फुटते. दुपारची लघवी चालते, त्याआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नये. पीसीओएस असलेल्यांत ती पट्टी उगाच गडद होत राहते. त्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंडे असलेली पुटी, रोज एक-दोन मिलिमीटर वाढत १८ ते २४ च्या दरम्यान फुटतो. फुटण्यासाठी एचसीजीचे, म्हणजे गर्भचाचणीत शोधतात त्याच हार्मोनचे, इंजेक्शन दिले असेल तर पुढचे दहा ते चौदा दिवस घरच्या गर्भचाचणीत दोन रेषा येऊ शकतात. ते इंजेक्शन दिसते, गर्भ नव्हे. पेढे वाटून झाल्यावर हे कळणे फार वाईट.

नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, रक्तस्राव थांबल्यावर आणि अंडे फुटण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. त्या महिन्यात पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत संबंध ठेवायचा नाही, नाहीतर नुकत्या राहिलेल्या गर्भावर एक्स-रे पडायची भीती. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी तासभर आधी घ्यायची. आयोडिनची ॲलर्जी, दमा, थायरॉइड यांची कल्पना आधी द्यायची. नंतर एक-दोन दिवस थोडे डाग पडतात. ताप किंवा घाण वास आला तर मात्र त्याच दिवशी परत जावे. रिपोर्टवर ‘दोन्ही नळ्या पिशवीकडच्या तोंडापाशी बंद’ आले तर लगेच हाय खाऊ नये. दुखल्यामुळे, भीतीमुळे, औषध घाईने सोडल्यामुळे पिशवीचा कोपरा आखडतो आणि उघडी नळीही बंद दिसते. पुन्हा तपासणी किंवा दुर्बिणीतून रंग सोडून पाहिल्यावर त्यांतल्या काही मोकळ्या निघतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला पाणी भरून फुगलेली दिसली तर ती गोष्ट वेगळी आणि गंभीर. आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असू शकतो. त्यासाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. पण केवळ पीसीआर (जंतूचे अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला, दुसरा कोणताही पुरावा नाही, तरी सहा महिन्यांची टीबीची औषधे सुरू करणे योग्य नाही. दुसरे मत घ्यावे.

टॉर्च पॅनेल मूल न राहण्याचे कारण सांगत नाही. त्यांतला रुबेलाचा आयजीजी (संरक्षण आहे का ते सांगणारे प्रतिपिंड) तेवढा उपयोगी, कारण तो निगेटिव्ह असेल तर आधी लस घेऊन महिनाभर थांबता येते. त्याऐवजी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, रक्तगट, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, थॅलसेमियासाठी दोघांपैकी एकाची एचपीएलसी ही रक्ततपासणी यांवर खर्च करावा. फॉलिक ॲसिड तर तपासणी सुरू होण्याआधीच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करता येते. ज्यांना खासगीत परवडत नाही त्यांनी सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीपासून सुरुवात करावी, नवऱ्याला सोबत नेऊन.

शहरातल्या लॅबचालकांना आणि डॉक्टरांना काही मागण्या. नमुना कसा द्यायचा याची एक पानाची चिठ्ठी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापावी. पूर्व भागातल्या विणकराला आणि अक्कलकोटच्या शेतकऱ्याला इंग्रजी सूचनापत्र देऊन सही घेण्यात काय मिळते? चिठ्ठीवर ‘डे २१’ न लिहिता त्या बाईच्या चक्राप्रमाणे तारीख लिहावी. वीर्याच्या रिपोर्टवर नमुना दिल्याची आणि तपासल्याची, दोन्ही वेळा छापाव्यात, किती दिवसांनी नमुना दिला ते लिहावे आणि कोणत्या वर्षाच्या मर्यादा वापरल्या तेही. जोडप्यासाठीच्या पॅकेजमध्ये बाईच्या बारा तपासण्यांसोबत पुरुषाची एक असतेच असे नाही. ती आधी घालावी.

आणि नमुन्यासाठी स्वतंत्र खोली द्यावी. बहुतेक ठिकाणी माणसाला डबी देऊन सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवतात, बाहेर चारजण दार वाजवत असतात. त्या घाईत अर्धा नमुना सांडतो, काहींना देताच येत नाही, आणि ते पुन्हा येत नाहीत. फार काही लागत नाही: एक खुर्ची, वॉशबेसिन, कोरडा टॉवेल, पंखा. आणि दाराला आतून लागणारी कडी.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)